हस्तकलेच्या मेळ्याला जाताना काय विचारावे, काय पाहावे

गेल्या डिसेंबरमध्ये आम्ही घरातले पाचजण फोंड्याहून तासाभराचा प्रवास करून एका लहान शहरातील कला आणि हस्तकला मेळ्याला गेलो होतो. भित्तिपत्रकावर गोमंतकीय कारागिरांची मोठी जाहिरात होती आणि तळाशी, दुपारी चार वाजता कुंभाराच्या चाकाचे प्रात्यक्षिक होईल, अशी एक ओळ होती. माझी नऊ वर्षांची मुलगी त्या एका ओळीसाठी आठवडाभर दिवस मोजत होती. आम्ही साडेतीनलाच पोचलो. चाक मांडवाच्या कोपऱ्यात होते खरे, पण ते कोरडे होते. त्याच्या थाळीवर आधीच्या कामाच्या मातीचे एक कडे वाळून तडकले होते आणि विजेची वायर गुंडाळून दोरीने बांधून ठेवलेली होती. चौकशी केल्यावर कळले, की कुंभाराला फक्त उद्घाटनाच्या दिवशी बोलावले होते. उरलेल्या मांडवात कारखान्यातल्या पिशव्या, चुंबकावर चिकटवलेली 'गोवा' अशी अक्षरे, भाजी कापण्याची यंत्रे आणि गाद्यांची आवरणे विकायला होती. सासूबाई ध्वनिक्षेपकाच्या शेजारची खुर्ची मिळाली तिथे कानावर पदर घेऊन बसून राहिल्या. परतीच्या वाटेवर गाडीत कोणीच फारसे बोलले नाही.

त्या दिवसाचे वाईट वाटणे बरेच दिवस गेले नाही, कारण गोव्यात हाताने उत्तम काम करणारी माणसे अजून आहेत आणि ती भेटावीत म्हणूनच आम्ही गेलो होतो. त्यानंतरच्या महिन्यांत मी विचारपूस करून, काही कारागिरांशी बोलून आणि आणखी चार-पाच ठिकाणी हिंडून जे शिकले, ते इथे लिहीत आहे. मुलांना आणि वडीलधाऱ्यांना घेऊन अशा मेळ्याला जाण्याचा विचार असेल, तर यातले बरेचसे उपयोगी पडेल.

निघण्यापूर्वीचा एक फोन

भित्तिपत्रकावर किंवा निमंत्रणावर आयोजकांचा क्रमांक बहुधा असतोच. त्यावर फोन करून 'मेळ्यात काय काय आहे' असे विचारले, तर जाहिरातीतलीच वाक्ये पुन्हा ऐकायला मिळतात. त्याऐवजी 'आज कोणकोणते कारागीर स्वतः बसलेले आहेत आणि ते कोणत्या गावांहून आले आहेत' असे विचारावे. ज्या आयोजकाने खरोखर कारागीर आणले आहेत, तो डिचोलीचे कुंभार, लाकडावर लाखेचे रंगकाम करणारे कुंकळ्ळीचे चितारी, अमक्या गावच्या बांबूकाम करणाऱ्या बायका अशी उत्तरे चटकन देतो; ज्याने केवळ जागा भाड्याने दिल्या आहेत, तो 'सगळे आहेत, या तुम्ही' असे म्हणतो. प्रात्यक्षिकाची वेळ छापलेली असली, तरी ते नेमके कोणत्या तारखेला आहे आणि आजही होणार आहे का, हे वेगळे विचारून घ्यावे. आम्ही हा एक प्रश्न विचारला असता, तर मुलीचा तो दिवस वाचला असता.

दिवसाची निवडही महत्त्वाची आहे. उद्घाटनाच्या संध्याकाळी भाषणे लांबतात, खुर्च्या मंचाकडे तोंड करून मांडलेल्या असतात आणि कारागीर आपल्या मालाकडे पाठ करून पाहुण्यांची वाट बघत उभे असतात. शेवटच्या संध्याकाळी बांधाबांध चालू असते. मधल्या एखाद्या दिवशी, मंचावरचे कार्यक्रम सुरू होण्याआधीच्या दोन तासांत गेल्यास कारागिराला बोलायला सवड असते आणि त्याचे बोलणे आपल्याला ऐकूही येते.

ज्याला मेळा म्हणत नाहीत, अशा ठिकाणी हाताची वस्तू अधिक खात्रीने मिळते, हेही सांगितले पाहिजे. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात मडगावला भरणारी पुरुमेंताची फेरी (पावसाळ्यासाठी साठवायच्या वस्तूंचा बाजार), चतुर्थीच्या तोंडावर बाणस्तारीला भरणारा माटोळीचा (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचा) बाजार, गावोगावच्या जत्रांतल्या आणि फेस्तांतल्या (चर्चच्या सणांतल्या) फेऱ्या, इथे मातीची भांडी, सुपे, रोवळ्या आणि टोपल्या घरात वापरायच्या म्हणून विकल्या जातात. त्या विकणाऱ्या बाईला आपण कलाकार आहोत असे कोणी सांगितलेले नसते, पण आपले सूप कोणी आणि कसे विणले हे ती बरोबर सांगते. पणजीला कला अकादमीच्या परिसरात भरणारा लोकोत्सव हा मोठा आणि पाहण्यासारखा आहे. मात्र तिथे इतर राज्यांतूनही कारागीर येतात, त्यामुळे गोव्याचेच काही घ्यायचे असेल तर दालनावरचे गाव आणि राज्य वाचून पुढे जावे.

आत शिरल्यावर काहीही विकत न घेता एक फेरी

पहिली वीस मिनिटे पैशाचे पाकीट बाहेर काढू नये, हा नियम आम्ही आता मुलांनाही लावला आहे. या फेरीत मी तीन गोष्टी पाहते. एक म्हणजे अर्धवट झालेली वस्तू. जो माणूस करतो, त्याच्या मांडणीच्या मागे कुठेतरी अर्धी विणलेली टोपली, न रंगवलेला लाकडाचा तुकडा, सुई अडकवलेला क्रोशाचा गोळा असतोच, कारण गिऱ्हाईक नसताना त्याचे हात रिकामे राहत नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे वस्तूंमधला फरक. एकाच हाताने केलेल्या दहा पणत्या शेजारी ठेवल्या, तर त्या बहिणींसारख्या दिसतात, जुळ्यांसारख्या दिसत नाहीत. तिसरी गोष्ट अगदी सोपी आहे: तीच वस्तू त्याच रंगात आणखी दोन दालनांत दिसली, तर ती घाऊक बाजारातून आलेली आहे.

त्यानंतर बोलावे. 'हे तुम्ही केले का?' या प्रश्नाला 'हो' हेच उत्तर मिळते, कारण बिचाऱ्याला माल विकायचा असतो. 'हे करायला सुरुवात कुठून करता?' असे विचारले, की करणारा माणूस मोकळा होतो. माती कुठली, ती किती दिवस भिजवावी लागते, भट्टीत काय फुटते, हे तो थांबवल्याशिवाय थांबत नाही. एका ठिकाणी करवंटीच्या वाट्या विकणाऱ्या बाईने मला सरळ सांगितले, "आमी करिनात, हाडून विकतात." त्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर वाटला आणि मी तिच्याकडूनच दोन वाट्या घेतल्या. दुसऱ्याने केलेले आणून विकण्यात काहीच गैर नाही. ते सांगितले जावे, एवढेच गिऱ्हाइकाचे मागणे असावे.

केंद्र सरकारचे हस्तशिल्प विकास आयुक्तालय कारागिरांना 'पहचान' नावाचे ओळखपत्र देते आणि त्यावर कारागिराच्या हस्तकलेचा उल्लेख असतो. अनेक कारागीर ते गळ्यात घालून बसतात. ते दिसले तर चांगली खूण समजावी. मात्र एखाद्या म्हाताऱ्या बाईकडे ते नाही म्हणून तिच्या हातावर शंका घेऊ नये.

वस्तू हातात घेऊन पारखणे

हा भाग मी सासूबाईंकडून शिकले. त्या फसलेल्या मेळ्यात एका दालनात सुपे होती. सासूबाईंनी एक उचलले, उजेडाकडे धरले, मग मागची कडा अंगठ्याने हळूहळू चाचपत नेली आणि खाली ठेवले. मला कारण कळले नाही, तेव्हा त्यांनी ते पुन्हा उचलून दाखवले. कडेची बांधणी वेताची किंवा बांबूच्या सालीची नव्हती, प्लास्टिकच्या पट्टीची होती. आणि विणीत दोन ठिकाणी टाचणीच्या टोकाएवढी भोके होती, ज्यांच्याखाली पिवळसर भुकटी साचलेली होती. "याला कीड लागली आहे, पावसाळ्यात याचा भुगा होईल," असे त्या म्हणाल्या. बांबूच्या वस्तूला हीच परीक्षा लावावी. भोके आणि भुकटी पाहावी, वीण उजेडासमोर धरून ती सर्वत्र सारखी दाट आहे का ते पाहावे आणि कडेवर बोट फिरवून कुसळ टोचत नाही ना हे तपासावे. सूप असेल तर विक्रेत्याकडून मूठभर तांदूळ मागून पाखडून पाहायलाही हरकत नाही. विणून विकणाऱ्या बायकांना हा प्रश्न आवडतो, असा माझा अनुभव आहे.

मातीचे भांडे एका हाताच्या तळव्यावर तोलून धरावे आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारावी. नीट भाजलेले आणि अखंड भांडे खणखणीत वाजते. आवाज बद्द आला, तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे किंवा भाजणी कच्ची राहिली आहे. आतून बोट फिरवल्यावर चाकावर फिरताना बोटांनी उमटवलेली वळी जाणवतात, आणि साच्यातल्या भांड्याला बहुधा दोन अर्ध्या भागांचा जोड दिसतो. स्वयंपाकासाठी भांडे हवे असेल, तर त्याला आतून ऑइलपेंट किंवा वॉर्निश लावलेले नसावे. शंका आल्यास वास घ्यावा. शोभेसाठी रंगवलेले मडके चुलीवर ठेवू नये, हे विक्रेता सांगेलच असे नाही.

समई आणि इतर पितळेच्या वस्तू घेताना खिशात लहानसे लोहचुंबक असावे. पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटले, तर आत लोखंड असून वर नुसता मुलामा आहे. ॲल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही, म्हणून त्यापुढची परीक्षा वजनाची: तेवढ्याच आकाराची भरीव पितळी वस्तू ॲल्युमिनियमच्या वस्तूच्या सुमारे तिप्पट जड लागते. समईचे सगळे भाग उघडून पुन्हा फिरवून बसवावेत, ती सपाट फरशीवर डुगडुगते का पाहावे आणि वरच्या ताटलीत थोडे पाणी घालून पाच मिनिटे थांबावे. देवघरात तेल गळायला लागले, की मेळा उठून गेलेला असतो.

कुणबी पद्धतीचे तांबड्या-पांढऱ्या चौकड्यांचे कापड आता मेळ्यांतून पुष्कळ दिसते आणि ते पाहून मला आनंदच होतो, परंतु चौकडी छापता येते आणि यंत्रमागावरही विणता येते. छापील कापडाची उलटी बाजू फिकी असते. विणलेल्या कापडात रंग सुतातच असतो, म्हणून दोन्ही बाजू सारख्या दिसतात. हातमाग की यंत्रमाग हे ओळखणे त्याहून अवघड आहे. कापड उजेडात धरल्यावर सुताची जाडी आणि विणीची दाटी किंचित कमी-जास्त होताना दिसली, तर ते हातमागाचे असण्याचा संभव वाढतो. कापड रुंदीत ताणून धरणाऱ्या काठीच्या टोकांची बारीक भोकेही काठालगत दिसतात, पण तशा खुणा यंत्रमागावरही पडू शकतात, त्यामुळे केवळ त्यांवर विसंबू नये. 2006 पासून हातमागाच्या कापडाला 'हँडलूम मार्क' हे चिन्ह मिळते. ते कापडाला लावलेले आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. सूत सुती आहे की नाही हे घरी पाहता येते. काठाचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळला, की सुती धागा कागदासारखा जळून त्याची मऊ राख होते, आणि पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते.

निळ्या-पांढऱ्या फरशांच्या, म्हणजे अझुलेजुच्या बाबतीत फोनचा कॅमेरा कामाला येतो. चित्र मोठे करून पाहिल्यावर रंग बारीक ठिपक्यांचा बनलेला दिसला, तर ते छापील आहे. कुंचल्याने काढलेल्या रेषेत जिथे हात रेंगाळला तिथे निळा रंग गडद होतो आणि जिथे हात उचलला तिथे विरत जातो. रंगवून भट्टीत भाजलेली फरशी स्वयंपाकघराच्या भिंतीवर वर्षानुवर्षे टिकते. वरून रंग दिलेली फरशी घासायच्या पहिल्याच जाळीने खरवडते. किमतीतला मोठा फरक या एका भाजणीचा असतो, हे ध्यानात घ्यावे.

लाकडी चितारी कामात लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते आणि मग केवड्याच्या पात्याने घासून तिला चकाकी आणतात. अशा खेळण्याला ऑइलपेंटचा उग्र वास येत नाही. लहान मूल वस्तू तोंडात घालणार असेल, तर हा वास घेऊन पाहणे फार महत्त्वाचे आहे. कुंकळ्ळीचे चितारी काम, शेजारच्या सावंतवाडीचे आणि कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे काम यांत पुष्कळ सारखेपणा आहे, आणि गोव्यातल्या मेळ्यांत ही तिन्ही दिसतात; तिन्ही घेण्यासारखी आहेत, फक्त कुठले काय हे विचारून घ्यावे.

कावी चित्रांबद्दल थोडक्यात सांगते. मूळ कावीत चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन तो खरवडतात आणि खालचा पांढरा चुना उघडा करून चित्र काढतात. मेळ्यात मिळते ते बहुतेक वेळा फळ्यावर किंवा कागदावर रंगवलेले असते. ते सुंदर असू शकते, पण ते कावीच्या धर्तीवरचे चित्र आहे, असे समजून घ्यावे.

मुले आणि वडीलधारी माणसे

लहान मुलाला दालनामागून दालन दाखवत नेले, की अर्ध्या तासात ते फुग्यासाठी रडू लागते. आमच्या पाच वर्षांच्या मुलाने तेच केले. आता आम्ही दोन्ही मुलांना निघण्यापूर्वीच शंभर-शंभर रुपये देतो आणि हाताने केलेली एकच वस्तू स्वतः विचारपूस करून घ्यायची असे सांगतो. मुलगी हल्ली विक्रेत्याशी माझ्याहून चांगले बोलते. वडीलधाऱ्या माणसांसाठी घडीची खुर्ची गाडीत टाकावी, बसण्याची जागा ध्वनिक्षेपकापासून दूर शोधावी आणि स्वच्छतागृह कुठे आहे हे प्रवेशद्वारावरच विचारून ठेवावे. त्यांना केवळ बसवून ठेवू नये. सूप, रोवळी, पाटा-वरवंटा, समई यांची पारख त्यांना असते, तेव्हा पहिली फेरी त्यांच्याबरोबरच मारावी. मुलांना भूक लागली, तर खाजेकाराकडचे ताजे खाजे घ्यावे; गूळ, आले आणि तीळ यांचा तो वास मेळा कसाही असला तरी लक्षात राहतो. सुटे पैसेही जवळ असावेत, कारण गर्दीच्या मैदानात फोनचे जाळे नेमके पैसे देताना जाते.

किंमत

घाऊक माल विकणाऱ्याशी घासाघीस करण्यास माझी हरकत नाही, त्याने ती धरूनच किंमत सांगितलेली असते. स्वतः केलेली वस्तू विकणाऱ्याशी मात्र मी घासाघीस करत नाही. त्याची किंमत परवडत नसेल, तर त्याच्याचकडची लहान वस्तू घ्यावी, किंवा आता जमत नाही असे स्पष्ट सांगून त्याचा संपर्क क्रमांक लिहून घ्यावा. पन्नास रुपये कमी करून घेतलेली टोपली आणि पन्नास रुपये कमी मिळाल्यामुळे पुढच्या वर्षी न आलेली बाई, या दोहोंचा संबंध आपल्याला दिसत नाही, पण तो असतो.

मेळा फसवा निघाला तर

पहिल्या फेरीतच हे लक्षात येते, आणि लक्षात आल्यावर आलोच आहोत म्हणून दोन तास काढू नयेत. आम्ही तीच चूक केली. त्याऐवजी आधीच दुसरे ठिकाण ठरवून ठेवावे. दक्षिणेकडे गेलात, तर बाणावलीचे 'गोवा चित्र' संग्रहालय आहे, जिथे शेतीची आणि घरगुती कामाची जुनी अवजारे मोठ्या संख्येने जपलेली आहेत. जाण्यापूर्वी वेळ विचारून घ्यावी. उत्तरेकडे गेलात, तर डिचोलीच्या परिसरात कुंभारकाम चालते. कोणाच्याही घरात थेट शिरू नये, ओळखीतून किंवा बाजारात त्यांच्याच दुकानी विचारून सकाळची वेळ ठरवावी आणि पाहून झाल्यावर काहीतरी विकत घेऊनच निघावे.

आयोजकांना कळवणेही आवश्यक आहे. मी आठवड्याभराने एक पानाचे पत्र लिहिले. त्यात तक्रार दोन ओळींची आणि सूचना तीन होत्या: प्रत्येक दालनावर 'स्वतः केलेले' किंवा 'आणून विकलेले' अशी पाटी असावी, चाकाजवळ विजेची जोडणी, पाण्याची बादली आणि सावली असावी, आणि प्रात्यक्षिक करणाऱ्या कारागिराला प्रत्येक दिवसाचा मेहनताना मिळावा, म्हणजे तो उद्घाटन आटोपून घरी जाणार नाही. उत्तर अजून आलेले नाही. यंदाचे भित्तिपत्रक लागले, की मी पुन्हा लिहिणार आहे.

जानेवारीत आम्ही मुलीला डिचोलीला नेले. त्या कुंभाराने तिला चाकासमोर बसवले, तिचे दोन्ही अंगठे मातीच्या गोळ्याच्या मधोमध धरले आणि गोळा उघडत असताना तिचे हात सोडून दिले. वाटी वाकडी झाली आणि तिने ती वाकडीच ठेवली. आम्ही तिथून स्वयंपाकासाठी एक मडके घेतले, आणि ते वापरात कसे आणायचे हेही त्यानेच सांगितले. नवे मडके रात्रभर पाण्यात पूर्ण बुडवून ठेवावे. सुरुवातीला त्याच्या अंगातून बुडबुड्यांच्या रांगा निघतात आणि सकाळपर्यंत थांबतात. मग ते सावलीत वाळवून त्यात पातळ पेज मंद आचेवर उकळावी, भांडे आपोआप थंड होऊ द्यावे, आणि ती पेज टाकून दिल्यावरच त्यात पहिली आमटी करावी.